मुका मार
(प्रस्तावना)

आपल्या भाषेत ‘मुका मार’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. रक्त नाही, खोक नाही, हाड मोडल्याची खूण नाही, आणि तरीही लागले आहे एवढे मात्र निश्चित, अशा आघाताला हे नाव ज्या कोणी प्रथम दिले त्याची निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी होती. पाठीला किंवा मांडीला लागलेला मुका मार चार दिवस शेकले, आंबेहळदीचा लेप दिला, की बहुधा मुकेपणीच निघून जातो. पण मस्तकाला लागलेला मुका मार क्वचित, फार क्वचित, काही तासांनी एकाएकी बोलू लागतो, आणि तो बोलू लागला म्हणजे ऐकणाऱ्याच्या हाती फारसा अवधी उरलेला नसतो. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या वैद्याने मेंदूचे चित्र काढण्याचा हुकूम कोणासाठी द्यावा, कोणाला घरी पाठवावे आणि कोणाला नुसतेच डोळ्यांसमोर बसवून ठेवावे, एवढ्या एका प्रश्नाभोवती रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत वर्षानुवर्षे वैद्यकी केलेल्या मंडळींनी प्रस्तुत ग्रंथ रचला आहे. त्याला प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते माझ्या विद्वत्तेमुळे खचित नव्हे. याच टापूत मी उमेदवारीपासून निवृत्तीपर्यंतचा काळ काढला आणि या प्रश्नाची उत्तरे दोन्ही बाजूंनी चुकवून पाहिली, हीच काय ती माझी पात्रता.

विषयाला प्रथमच सामोऱ्या जाणाऱ्या वाचकाने आरंभी एवढे ध्यानी घ्यावे की, कवटी ही एक बंद पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव, एवढ्यांचीच सोय आहे. चवथ्या पाहुण्याला जागा नाही. कानशिलाचे हाड इतर हाडांच्या मानाने पातळ, आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची मधली रोहिणी गेलेली. तिथे तडा जाऊन ती रोहिणी फाटली, तर हाड आणि आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते, आणि या साचण्यातील क्रूर भाग असा की, आघाताने क्षणभर हरपलेली शुद्ध परत येते, माणूस उठून बसतो, पाणी मागतो, ‘काही नाही झाले’ म्हणतो, घरचे देवाचे आभार मानतात, आणि मग दोन-चार तासांनी डोके असह्य दुखू लागून तो पुन्हा गुंगीत जातो. मधल्या शुद्धीच्या या फसव्या कालखंडात जो वैद्य त्याला तपासतो त्याच्यासमोर बहुधा धडधाकट माणूस बसलेला असतो. वृद्धांची कथा निराळी. त्यांच्या मेंदूचे आकारमान वयोमानाने घटलेले असल्यामुळे पेटीत थोडी मोकळी जागा असते, बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि क्षुल्लक धक्क्याने सुरू झालेला रक्तस्राव आठवडेच्या आठवडे कोणाच्या लक्षात न येता चालू राहू शकतो.

सुश्रुताने शरीरातील १०७ मर्मे सांगितली, त्यांपैकी ३७ ऊर्ध्वजत्रुगत, म्हणजे गळ्याच्या हाडाच्या वरची; आणि कानशिलावरच्या ‘शंख’ मर्माची गणना त्याने सद्यःप्राणहर मर्मांत केली. आपल्या पूर्वजांना सर्व काही आधीच ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मला बसावयाचे नाही, रोहिणीचे नाव त्यांना ठाऊक नव्हते आणि रक्ताचा गोळा त्यांनी काढला नाही. परंतु कोणत्या जागी लागलेले माणसाला तडकाफडकी नेते याची नोंद त्यांच्या दप्तरी होती, आणि निर्णयशास्त्राचा आरंभ अशा नोंदीनेच होतो.

‘किरकोळ मार’ ही संज्ञा आपण बाजारातून उचललेली. घाऊकच्या उलट ते किरकोळ. वैद्यकात मात्र तिला नेमका अर्थ प्राप्त झाला तो १९७४ साली, जेव्हा ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी शुद्धी मोजण्याचे एक साधे माप प्रसिद्ध केले. त्याच्या आजच्या रूपात डोळे उघडण्याला जास्तीत जास्त चार गुण, बोलण्याला पाच, हातापायांच्या हालचालीला सहा. सर्व मिळून कमाल पंधरा आणि किमान तीन, कारण या परीक्षेत मृतालाही शून्य मिळत नाही. तेरा ते पंधरा गुणांचा रुग्ण तो किरकोळ माराचा, असा शिरस्ता पुढे पडला. या मापाची थोरवी अशी की, त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि कशेळे गावची परिचारिका व मुंबईचा प्राध्यापक यांना एकमेकांशी दूरध्वनीवरून एकाच भाषेत बोलता येते. ‘पेशंट जरा सुस्त आहे’ या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याच्या मगदुरावर अवलंबून. ‘तासापूर्वी पंधरा होते, आता तेरा आहेत’ या वाक्याला दुसरा अर्थ नाही.

मेंदूचे चित्र काढणारे यंत्र येण्यापूर्वी वैद्यांचा आधार दोन गोष्टींवर होता: कवटीची क्ष-किरण छबी, आणि रुग्णाला रात्रभर खाटेवर ठेवून त्याच्यावर नजर. १९७५ साली ग्लासगोहूनच एक निबंध आला, बोलत असलेले आणि तरीही दगावलेले रुग्ण हा त्याचा विषय. ज्याअर्थी माणूस आघातानंतर बोलला त्याअर्थी मेंदूचा मूळ मार प्राणघातक नव्हता, म्हणजे पुढे जे झाले त्यातले काही टाळता आले असते, असा त्याचा बोचरा निष्कर्ष. १९८३ साली मेंडेलो, टीसडेल, जेनेट आदींनी प्रौढ रुग्णांचा हिशेब मांडला. शुद्ध पूर्ण आणि कवटीला तडा नाही, अशा सुमारे सहा हजारांत एकाच्या डोक्यात शस्त्रक्रिया करावी लागेल असे रक्त साचते. तडा आणि भ्रांती ही दोन्ही असतील तर चारांत एकाच्या. आज नियमांचा जो मोठा संसार उभा राहिला आहे त्याचे मूळ भांडवल या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे.

यंत्राची गोष्ट सर्वश्रुत आहे, म्हणून तिच्यात फार वेळ दवडत नाही. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई.एम.आय. कंपनीतील अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड याने रचलेल्या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि १९७९ मध्ये त्याला व अ‍ॅलन कॉरमॅक या पदार्थवैज्ञानिकाला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्याकडे या चित्राला लोक ‘सिटी स्कॅन’ म्हणतात, आणि वाड्यांवरून आलेली माणसे ‘डोक्याचा फोटो’. ‘डॉक्टर, एकदा फोटो काढून टाका म्हणजे जिवाला घोर नको’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकले याची गणती नाही. आणि घोर मिटवणे हेही वैद्याचेच काम असल्यामुळे, त्याला नुसते अज्ञान म्हणून उडवून लावणे मला कधी जमले नाही.

यंत्र हाताशी आल्यावर प्रश्न उलटला. पूर्वी ‘कसे दिसेल’ ही पंचाईत होती, आता ‘कोणाचे पाहावे’ ही झाली. सर्वांचेच पाहा, म्हणणारा एक पक्ष अमेरिकेत बळावला. ब्रिटनमधील पक्ष दीर्घकाळ कवटीची छबी आणि रात्रीची खाट यांना धरून राहिला. या दोहोंमधून तिसरी वाट काढली ती निर्णय-नियम बांधणाऱ्यांनी, आणि ती कशी काढली हे समजावून देण्यासाठी मला कर्जतच्या बाहेर जाण्याचे कारण नाही. आमच्या गावी प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि तेथून निघालेले ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे भाताचे वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. एखाद्या वाफ्यात एखादे रोप तरारून आले म्हणून कोणी त्याची शिफारस करीत नाही. ते अनेक हंगाम, अनेक जमिनींत लावून पाहतात, आणि ज्या मातीत ते निपजले नाही अशा परक्या मातीतही ते टिकले तरच वाण म्हणून त्याची नोंद होते. निर्णय-नियमाचेही असेच. हजारो रुग्णांची लक्षणे आधी टिपायची, मग कोणाच्या डोक्यात खरोखर रक्त निघाले ते पाहायचे, कोणती लक्षणे त्यांना इतरांपासून वेगळे काढतात ते गणिताने शोधायचे, आणि अखेर तो नियम नव्या रुग्णांवर, नव्या गावी, नव्या वैद्यांच्या हाती पुन्हा कसायचा.

अशा रीतीने २००० साली न्यू ऑर्लिन्स येथे हायडेल व सहकाऱ्यांनी ५२० रुग्णांवरून नियम बांधला आणि पुढच्या ९०९ रुग्णांवर तो पारखला. शुद्ध हरपून परत पूर्ण पंधरा गुणांवर आलेल्या माणसाला डोकेदुखी, उलटी, साठीपुढचे वय, दारू वा अन्य नशा, ताज्या गोष्टींचा विसर, आकडी, किंवा गळ्याच्या हाडाच्या वर कोठेही माराची दृश्य खूण, यांपैकी एकही गोष्ट असेल तर चित्र काढावे. शेवटचे कलम वाचताना मला हसू आवरले नाही, कारण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला विसाव्या शतकाच्या अखेरीस आखलेली ही सीमारेषा म्हणजे सुश्रुताची ऊर्ध्वजत्रूची रेघ. पुढल्या वर्षी, २००१ मध्ये, कॅनडातील इयन स्टील यांनी दहा रुग्णालयांतील ३,१२१ रुग्णांच्या आधारे आपला नियम ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील मोठ्या जोखमीची लक्षणे पाच: आघातानंतर दोन तासांनीही गुण पंधरावर न येणे, कवटी आत दबल्याचा वा उघडी पडल्याचा संशय, कवटीच्या तळाला तडा गेल्याच्या खुणा, दोन वा अधिक उलट्या, आणि वय ६५ वा त्याहून जास्त. मध्यम जोखमीची दोन: आघाताच्या आधीच्या अर्ध्या तासाहून अधिक काळाचा विसर, आणि धोक्याचा अपघात, म्हणजे पायी चालणाऱ्यास वाहनाची धडक, वाहनातून बाहेर फेकले जाणे, किंवा तीन फुटांहून वा पाच पायऱ्यांवरून पडणे. या ३,१२१ ‘किरकोळ’ रुग्णांपैकी शेकडा आठांच्या मेंदूला दखल घेण्याजोगी इजा निघाली आणि शेकडा एकाला मेंदूशल्यविशारदाचा हात लागला.

दोन नियमांतला भेद तांदूळ निवडणाऱ्या गृहिणीला चटकन कळेल. एकही खडा ताटात जाता कामा नये, ही पहिली अट. ती पाळताना कमीत कमी चांगले दाणे फेकले जावेत, ही दुसरी. २००५ साली दोन्ही नियम एकाच रुग्णसमूहावर ताडून पाहिले तेव्हा शस्त्रक्रिया लागणारा एकही रुग्ण कोणत्याच नियमातून निसटला नाही; पहिली अट दोघांनीही पाळली. मात्र न्यू ऑर्लिन्सच्या सुपातून चांगले दाणे फार मोठ्या प्रमाणावर खाली पडत होते, कॅनडाच्या सुपातून पुष्कळ कमी. इंग्लंडने २००३ च्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत कॅनडाच्या नियमावर भिस्त ठेवून छबी-आणि-खाटेची जुनी वहिवाट मोडली, आणि तिची अगदी अलीकडची आवृत्ती २०२३ ची आहे.

पण येथे एक इशारा द्यावासा वाटतो, कारण याच ठिकाणी मी चांगल्या चांगल्या तरुण डॉक्टरांना ठेच लागलेली पाहिली आहे. कॅनडाचा नियम ज्याची शुद्ध हरपली, ज्याला विसर पडला किंवा जो भांबावला, अशाच प्रौढाला लागू आहे. सोळा वर्षांखालील मूल, रक्त पातळ करण्याची औषधे घेणारा हृदयरोगी आणि आघातानंतर आकडी आलेला माणूस यांना त्याने मुळातूनच वगळले आहे. वगळले याचा अर्थ ते सुरक्षित, असा नसून नियम त्यांच्याविषयी बोलत नाही, एवढाच आहे.

मुलांसाठी स्वतंत्र विचार झाला. २००९ मध्ये कूपरमन आदींनी अमेरिकेतील २५ केंद्रांमधील ४२,४१२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांत महत्त्वाची इजा शेकडा एकाहूनही कमी मुलांना होती. त्यातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट टेंगळाची. दोन वर्षांखालील मुलाच्या कपाळावर आलेले टेंगूळ, जे पाहून आजी हवालदिल होते आणि साखर दाबत बसते, ते बहुधा निरुपद्रवी. डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेले, केसांत लपलेले टेंगूळ, जे कोणी पाहतही नाही, ते मात्र संशयास्पद. शिवाय ‘मूल नेहमीसारखे वागत नाही असे आईला वाटते’ हे लक्षण या नियमात रीतसर कलम म्हणून दाखल झाले. आईच्या साक्षीला विज्ञानाच्या कचेरीत असा अधिकृत दर्जा मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आणि या अभ्यासाने ‘काढा’ व ‘काढू नका’ यांच्यामध्ये ‘बसवून ठेवा व पाहा’ हा तिसरा फैसला प्रतिष्ठित केला.

रक्ताच्या थेंबावरून निर्णय करू पाहणारा पंथ सर्वांत तरुण. स्कँडिनेव्हियातील मार्गदर्शिकेने २०१३ मध्ये एस-१००-बी या प्रथिनाची तपासणी स्वीकारली, अमेरिकेत २०१८ मध्ये अन्य दोन प्रथिनांच्या तपासणीला मंजुरी मिळाली. हा पंथ उद्या मोठा होईल. तूर्त तो आमच्या दाराशी आलेला नाही.

मग हे सारे नियम असताना चित्रे कमी निघू लागली काय? स्टील यांनीच कॅनडातील बारा रुग्णालयांत याचा प्रयोग केला, निम्म्यांना नियम शिकवला, निम्म्यांना आपल्या वाटेने जाऊ दिले. २०१० साली त्याचा निकाल आला तो असा की, चित्रांचे प्रमाण दोन्हीकडे वाढलेच. स्वतःच्या नियमाचा पराभव इतक्या प्रामाणिकपणे छापणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो. नियम ठाऊक असणे आणि रात्री दोन वाजता, दारात वीस नातेवाईक उभे असताना, नियमाच्या आधाराने ‘गरज नाही’ म्हणणे, यांत फार अंतर आहे. आपल्याकडे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. त्या निर्णयाने रुग्णाला दाद मागण्याची जागा मिळाली, हे योग्यच झाले, परंतु न काढलेल्या चित्राबद्दल खटला होतो आणि विनाकारण काढलेल्या चित्राबद्दल कोणी कधी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही, हा व्यवहार डॉक्टराच्या मनात घर करून बसला. त्यातून मार लागलेला प्रत्येक रुग्ण पोलिसांच्या वर्दीचा. जखम साधी की गंभीर, असा दाखला फौजदाराला हवा असतो, आणि कोऱ्या कागदापेक्षा चित्राचा अहवाल जोडलेला दाखला त्याला अधिक पटतो.

चित्राला किंमत नसते असे थोडेच आहे? डोक्याच्या एका चित्रातून सुमारे दोन मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग शरीरात जातो, म्हणजे निसर्गातून वर्षभरात मिळतो जवळपास तेवढा. साठीच्या माणसाला हे नगण्य. मुलाला मात्र नाही. २०१२ साली ब्रिटनमधून आलेल्या अभ्यासाने बालपणी काढलेल्या अशा चित्रांनंतर रक्ताच्या व मेंदूच्या कर्करोगाची जोखीम, अल्प का होईना, वाढते हे दाखवून दिले. आणि दुसरी किंमत अशी की ती कोणत्याच मासिकात छापली जात नाही: गाडीभाडे, दोन माणसांचा बुडालेला रोज, गहाण पडलेले डोरले.

आता या टापूविषयी. कर्जत आणि खालापूर यांना ज्यांनी फक्त लोकलच्या किंवा मोटारीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांना हे तालुके म्हणजे पावसाळी हिरवाई आणि शनिवार-रविवारची शेतघरे वाटतात. वैद्याच्या नोंदवहीतून पाहिले तर ही भूमी म्हणजे डोक्याला मार लागण्याच्या नानाविध प्रकारांचे संग्रहालय आहे. बोरघाटातून जुना हमरस्ता उतरतो आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही खालापुरातून जातो. धनगर शिंग्रोबाने साहेबाला घाटाची वाट दाखवली अशी आख्यायिका आहे. त्याच शिंग्रोबाच्या देवळाजवळ १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे ढोलताशा पथकाची बस दरीत कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले आणि जखमींना खोपोलीपासून कामोठ्यापर्यंत वाटून न्यावे लागले. अशा पहाटे ‘चित्र कोणाचे काढावे’ हा प्रश्न ‘चित्र आधी कोणाचे काढावे’ असा होतो. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तेथे माणसे घोड्यावरून पडतात. घोड्याची पाठ तीन फुटांहून उंचच असते, हे कॅनडाच्या नियमकर्त्यांच्या स्वप्नीही आले नसेल. ठाकूर-कातकरी वाड्यांवरची पोरे आंब्या-जांभळांवरून पडतात, भिवपुरीच्या धबधब्यावर मुंबईकर शेवाळावरून घसरतात, गोकुळाष्टमीला थर कोसळतात. आणि इर्शाळवाडीसारख्या ठिकाणी, जेथे १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खचला, तेथे पोहोचायला चढणीची पायवाट हाच एक रस्ता होता.

या ग्रंथाच्या लेखकांचे मर्म, माझ्या मते, येथे आहे. कॅनडात नियम बांधला गेला तो यंत्र इमारतीतच असताना, ते किती वेळा चालवावे हे ठरवण्यासाठी. तो चित्रे वाचवण्याचा नियम. येथे मेंदूशल्यविशारद आणि यंत्र अशी जोडी अहोरात्र जागी असलेली पाहायची तर चौक फाट्यावरून पनवेल-नवी मुंबईची वाट धरावी लागते, आणि जिल्ह्याचे ठाणे अलिबाग तर खोपोली-पेण ओलांडून समुद्राकाठी. म्हणून येथे तोच नियम रस्त्याचा नियम होतो. कोणाला आता, याच क्षणी, २०१४ पासून आपल्या दिमतीला आलेल्या १०८ च्या गाडीत घालायचे, आणि कोणाला उगीच रात्री घाट-फाटे न दाखवता येथेच बसवायचे, हे त्याने ठरवायचे आहे. दोन तासांच्या अटीचा अर्थही बदलतो: कॅनडात ते दोन तास वाट पाहण्याचे, माथेरानच्या वाटेवर, पेठच्या किल्ल्याखाली, ते दोन तास खाली आणण्यातच गेलेले असतात, आणि म्हणून पहिल्या गुणांची नोंद डॉक्टराने नव्हे, तर सोबत आलेल्या माणसाने, आशा सेविकेने, घोडेवाल्याने केलेली असली पाहिजे. लेखकांनी या नोंदीसाठी जी साधी मराठी वाक्ये योजली आहेत ती मला साऱ्या ग्रंथाचा कणा वाटतात.

एका मुद्द्यावर माझा त्यांच्याशी मतभेद आहे, आणि प्रस्तावनाकाराने तो लपवणे बरे नव्हे. ते कॅनडाच्या पक्षाचे आहेत. आणि त्या नियमात दारू हे कलम नाही. शनिवारच्या रात्री शेतघरांतून, किंवा सणाच्या दिवशी वाडीतून, आणलेल्या माणसाला आलेली सुस्ती दारूमुळे की डोक्यातल्या रक्तामुळे, हे ओळखण्याची विद्या मला चाळीस वर्षांत साधली नाही. ज्यांना साधली असे ते म्हणतात, त्यांच्याकडे मी धास्तीनेच पाहतो. तेथे न्यू ऑर्लिन्सचा सैल हात मला अधिक मानवतो. लेखकांनी माझे म्हणणे ऐकून घेतले, आणि मजकूर होता तसाच ठेवला.

या नियमांची कसोटी आपल्या मातीत पुरेशी लागलेली नाही, ही त्यांची तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे. असे काम आपल्या जिल्ह्यात होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी बिरवाडीकडे पाहावे. महाड तालुक्यातील तेथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, आणि त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ने छापली. यंत्र तेथेही नव्हते. नोंदवही होती.

माझ्या स्वतःच्या नोंदवहीत एक पान आहे. श्रावणात अंगणातल्या शेवाळावर घसरून पडलेली एक म्हातारी माझ्याकडे आली. शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती, टेंगूळसुद्धा नव्हते. मी तिला वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवले, आणि त्या दिवसापुरते ते बरोबरही होते. तीन आठवड्यांनी मुलगा तिला घेऊन आला, आई विसरते, एक पाय ओढते, म्हणाला. मी ‘वय झाले’ म्हटले, आणि पडल्याची गोष्ट मला आठवली नाही, कारण मी ती लिहिलीच नव्हती. आणखी दहा दिवसांनी मुंबईस तिच्या डोक्यातून जुने, काळपट रक्त काढले. ती वाचली. चित्र न काढण्यात मी चुकलो नव्हतो. ‘महिनाभरात असे असे झाले तर परत या’ हे चार ओळींत लिहून न देण्यात चुकलो होतो. या ग्रंथात घरी पाठवताना द्यावयाच्या कागदावर जी पाने खर्ची पडली आहेत ती कोणाला जास्त वाटतील. मला वाटली नाहीत.

त्या कागदाविषयी एक गंमत सांगितली पाहिजे. रात्री रुग्णाला दोनदा उठवून पाहावे असे पहिल्या मसुद्यात होते, आणि तो भानावर आहे याची खातरजमा म्हणून तारीख, साल आणि घरच्या माणसाचे नाव विचारावे असा तपशील होता. मसुदा वाचायला बसलेल्या मंडळींत एक वयस्क परिचारिका होत्या. त्या म्हणाल्या, वाडीवर तारीख कोणाला ठाऊक असते, बाजाराचा वार विचारा. आणि नवऱ्याचे नाव तर विचारूच नका, जुन्या बायका ते घेत नाहीत, ती गप्प राहील आणि तुम्ही तिला भ्रमिष्ट ठरवून पनवेलला धाडाल. कलम तत्काळ बदलले. आता तेथे ‘आज जेवायला काय केले होते’ असा प्रश्न आहे. मी मात्र लेखकांना सुचवून पाहिले की जुना प्रश्नही समासात राहू द्यावा, कारण मध्यरात्री उठवलेल्या बाईने नवऱ्याचे नाव जर उखाण्यात गुंफून घेतले, तर ग्लासगोच्या मापाने बोलण्याचे पाचपैकी पाच गुण तिला बिनतक्रार द्यावे लागतील.